निळ्या बुचाची कुपी

या, असे पुढं या. सतरंजीवर जागा आहे, त्या खांबाला कशाला टेकता? बुवांचा चहा व्हायचाय, टाळकरी अजून चपला काढतायत, कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. गोष्ट चोराची आहे, पण हा चोर काही न्यायला आला नव्हता, ठेवायला आला होता. ऐकून झाल्यावर प्रत्येकाला आपल्याच छातीवर हात ठेवून बघावंसं वाटेल, एवढं माझं वचन.

१

आपल्या नागापूरच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीला एक लहानसा कारखाना आहे. बाहेरून दूध डेअरी वाटावी अशा स्टीलच्या टाक्या. पण आत दूध नाही, जिवाणू. डोळ्यांना न दिसणारे ते जीव उबेला राबतात आणि एक एन्झाइम तयार करून देतात. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की रसाला बुळबुळीत तार धरते आणि साखरेचा दाणा नीट बसत नाही. हे एन्झाइम ती तार कापतं. गळीत हंगाम तोंडावर आला की साखर कारखान्यांचे फोन सुरू होतात.

त्या साली मोठी टाकी लावली आणि सगळं बिनसलं. म्हणजे जिवाणू वाढले, भरभरून वाढले. टाकीवर काम करणारा गोरक्षनाथ काचेतून बघून खूश होता. पण एन्झाइम तपासलं तर नावापुरतं. गोरक्षनाथ डोक्याचा रुमाल सोडून म्हणाला, "गर्जेसाहेब, पीक लई जोमात आलंय, पन कनसात दानाच न्हाई."

गर्जेसाहेब म्हणजे वैजनाथ गर्जे, पाथर्डीकडचे, गुणवत्ता विभागाचे प्रमुख. पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर बुक्का, कीर्तन म्हटलं की जेवणाचं ताट बाजूला सारणारा माणूस. मालक श्रीमंतराव यांनी छडा लावायचं काम त्यांच्याकडं सोपवलं.

वैजनाथांनी टाकीतल्या जिवाणूंचा नमुना वाचायला बंगळूरला पाठवला. आता हे वाचणं म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. प्रत्येक जिवाणूच्या पोटात एक पोथी असते. पोथी जागची हलत नाही. तिच्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल निघते, लांब पट्टीसारखी. हा निरोप. एक इवलंसं यंत्र त्या निरोपाच्या तोंडाशी येऊन बसतं आणि वाचत वाचत पुढं सरकत एन्झाइम विणतं. गंमत अशी की तेच एन्झाइम विणायला सांगणारा निरोप अनेक तऱ्हांनी लिहिता येतो. अर्थ तोच, अक्षरं वेगळी.

कारखान्याचा निरोप लिहिला होता सुमैरा शेख या मुलीनं. मुकुंदनगरची, तिशीच्या आतली, हुशार. बंगळूरचं उत्तर आलं आणि वैजनाथ खुर्चीत मागं टेकले. टाकीतल्या निरोपाचा अर्थ सुमैराचाच होता. अक्षरं मात्र तिची नव्हती, पानभर बदललेली.

टाकीत बियाणं म्हणून घालायचे जिवाणू कुप्यांत गोठवून ठेवतात; फ्रीजरमधल्या त्या बाकीच्या कुप्या त्यांनी तपासून घेतल्या. निळ्या बुचाच्या, एकसारख्या. सगळ्यांत सुमैराचीच अक्षरं. म्हणजे टाकीत गेलेली तेवढी एक कुपी बदललेली. ती कुपी फ्रीजर सांभाळणाऱ्या स्नेहलनं सर्वांसमक्ष काढून बर्फाच्या डबीत ठेवली होती, आणि डबी सुमैराच्या हातात दिली होती. तिथून टाकी हाकेच्या अंतरावर.

"मध्ये डबी कुणाकडं गेली का?" श्रीमंतरावांनी विचारलं.

वैजनाथ जराही न थांबता म्हणाले, "नाही. मी पूर्ण वेळ तिच्याकडंच बघत होतो. डबी तिच्या हातातून सुटली नाही."

श्रीमंतरावांनी मान हलवली. सोमवारी सुमैराचा हिशोब करून तिला काढायचं, तोवर बाकीच्यांचे जबाब उरकायचे, असं ठरलं.

२

वैजनाथ पूर्ण वेळ तिच्याकडं का बघत होते? ऐका.

कारखान्याची एक रीत आहे. हंगामाची पहिली टाकी लावताना टाकीला हळदीकुंकू लावतात, आरती होते आणि नारळ वाढवतात. नारळाचा मान ज्याचे जिवाणू टाकीत जाणार त्याचा. कित्येक हंगाम टाकीत वैजनाथांनी तयार केलेले जिवाणू जायचे, मान त्यांचा होता. मग सुमैरा आली, तिच्या जिवाणूंनी दुप्पट एन्झाइम दिलं, आणि वैजनाथांच्या कुप्या फ्रीजरच्या तळाच्या खणात गेल्या. नारळही गेला. आदल्या साली आणि त्या सालीही तो त्यांनी स्वतःच्या हातानं तिला दिला, हसून दिला, आणि घरी जाऊन बायकोवर भाजीच्या मिठावरून चिडले.

बारीकसारीक गोष्टी त्यांना टोचायच्या. श्रीमंतराव आधी तिच्या टेबलापाशी थांबतात. चहावाला तिचा कप धुऊन वेगळा ठेवतो. पाहुणे आले की "आमच्या मॅडम" म्हणून ओळख, आणि मागाहून, "हे गर्जेसाहेब, आमचे जुने." या 'जुने' शब्दाचा काटा रोज थोडा थोडा आत जात होता. सकाळी हरिपाठ म्हणायचा आणि दहा वाजता तिच्या कपाकडं बघून जळायचं, असं चाललं होतं त्या भल्या माणसाचं.

तेव्हा चौकशी करताना त्यांना सुखच वाटत होतं म्हणा ना.

स्नेहलला विचारलं. तिनं एकच गोष्ट सांगितली. कुपी दिल्यावर ती मोबाईलवर फोटो काढत होती. टाकी आणि शेठ दोघं एका फोटोत मावेनात म्हणून दाराबाहेर गेली होती. वर तिनं हळूच विचारलं की कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये पेढ्यांचा खोका पडलाय, पूजेच्या दिवसापासून, कुणी उघडत नाही, टाकू का? वैजनाथ म्हणाले, तुमच्या मॅडमचा असेल, यशाची खात्री होती ना त्यांना.

आदिनाथला विचारलं. हा सुमैराच्या हाताखालचा तरुण शास्त्रज्ञ. वैजनाथांचा लाडका, कारण नागापूरच्या मंदिरात कीर्तनाला मृदंगावर तोच असायचा. कामावर तो त्यांना सर म्हणे, मंदिरात काका. आदिनाथ खाली बघून म्हणाला, मॅडमनी नवीन काहीतरी घाईनं करून पाहिलं असेल. वैजनाथांना बरं वाटलं. पूर्वी एकदा चहाच्या वेळी हाच मुलगा म्हणाला होता, मॅडमच्या निरोपाची सुरुवात गावठी आहे, साधी, कमी वापरातली अक्षरं आहेत, नशिबानं चाललंय. तेव्हाही त्यांना असंच बरं वाटलं होतं.

गोरक्षनाथाचं म्हणणं मात्र तिसरंच. "साहेब, मानसाला कशाला दोस देता? पूजाच अर्धी झाली. मी कापूर धरलेला, शेठकडं ताट, समदे टाळ्या वाजवीत हुते. पन आरतीला घंटा वाजलीच न्हाई. म्हनून नाट लागला."

वैजनाथ हसले आणि पुढं गेले. हसायला नको होतं.

३

सुमैराला त्यांनी शेवटी बोलावलं. ती समोर बसली. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"सर, डबी मी टाकीजवळच्या स्टुलावर ठेवली होती. आरतीला, नारळ हातात घेताना. नारळ फुटेपर्यंतच."

"मी बघत होतो, सुमैरा. तुझ्या हातातून ती सुटली नाही."

तिच्या घरी अब्बांची वर्कशॉपमधली नोकरी सुटलेली, धाकटा भाऊ हारिस अजून शिकणारा, हे वैजनाथांना ठाऊक होतं. टाकी बिघडवल्याचा ठपका घेऊन बाहेर पडली तर या धंद्यात तिला दारात कुणी उभं करणार नव्हतं, हेही.

मग तिनं बंगळूरहून आलेले कागद स्वतःकडं ओढले आणि सुरुवातीवर बोट ठेवलं. "मी अशी अक्षरं लिहीन का, सर? एकूण एक अक्षर भारीतलं निवडलंय, यंत्र ज्यावरून सुसाट पळतं ते. पण इथं, अगदी तोंडाशी, ही अक्षरं एकमेकांना घट्ट धरतात. पट्टी स्वतःवरच दुमडते, गाठ बसते. यंत्राला बसायला जागाच उरत नाही. मी सुरुवात मुद्दाम सैल ठेवली होती. साधी अक्षरं घालून."

वैजनाथ म्हणाले, पकडलं गेल्यावर प्रत्येकाला शहाणपण सुचतं. बोलून गेले आणि त्यांनाच कसंतरी झालं.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "आणि फ्रीजमधले पेढे माझे नाहीत. स्नेहल म्हणत होती, तुम्ही माझं नाव घेतलंत. माझी दादी, मुबारकबी, काम तडीला जाण्याआधी मिठाई आणू देत नाही. आधी आणली की नजर लागते म्हणते."

मग पेढे कुणाचे? हा प्रश्न वैजनाथांच्या पायात काट्यासारखा अडकला, तो संध्याकाळपर्यंत निघेना.

४

त्या दिवशी एकादशी होती. मंदिरात गहिनीनाथबुवांचं कीर्तन. वैजनाथ नेहमीच्या जागी बसले, डोळे मिटले, पण मन जागेवर नाही.

बुवांनी नामाचा गजर संथ लावला. टाळ हळूहळू एकमेकांना शोधू लागले. आणि नेहमीप्रमाणं आदिनाथचा मृदंग पुढं धावला. बोटं तयारीची, बोल स्वच्छ, एकेक थाप मोजून भारी. पण लय चढवलेली. टाळकऱ्यांची गाठ बसली, मागचे अडखळले, गाणाऱ्याला तोंड उचलायला जागा मिळेना. बुवांनी हात वर केला. गजर थांबला.

"आदिनाथ," बुवा मायेनं म्हणाले, "देव अजून उंबऱ्यात आहे बाबा. त्याला बसायला पाट दे. मग पळव तुला पळवायचं तेवढं."

मंडळी हसली. आदिनाथही ओशाळून हसला. वैजनाथ हसले नाहीत. त्यांनी डोळे उघडले.

बसायला जागा. सुमैरा सकाळी हेच म्हणत होती. आणि कागदावरची अक्षरं? ज्याला टाकी बिघडवायची तो वाईट अक्षरं घालेल. इथं तर कुणीतरी एकेक अक्षर निवडून, जीव लावून, भारीतलं घातलं होतं. पहिल्या अक्षरापासून दुडकी चाल. हा वैरी नव्हता. टाकी तुडुंब भरून निघेल अशी खात्री असलेला माणूस होता. अशी खात्री की येताना पेढे घेऊन आला.

मृदंगावरचे ते हात वैजनाथ बघत राहिले. आरती असली की हे हात रिकामे राहत नाहीत. मंदिरात मृदंग, कारखान्यात घंटा. दर पूजेला टाकीपलीकडं उभा राहून आदिनाथच घंटा वाजवायचा. मग या साली घंटा का वाजली नाही? कारण वाजवणारा जागेवर नव्हता. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तो घंटा सोडून अलीकडं आला होता. स्टुलापाशी.

पण स्टुलावर डबी होतीच कुठं? ती तर सुमैराच्या हातात होती. वैजनाथांनी पाहिली होती. त्यांनी तो आरतीचा क्षण पुन्हा डोळ्यांसमोर आणला. तिचे हात त्यांना लख्ख दिसले. दोन्ही हातांत नारळ होता. त्यांनीच दिलेला.

डबी धरायला तिसरा हात माणसाला नसतो.

ते पूर्ण वेळ बघत होते हे खरं. पण बघत होते तो नारळ. आपला गेलेला नारळ. पुढ्यात कुणी हत्ती बदलून नेला असता तरी त्यांना दिसला नसता. आणि त्या बघण्याच्या जोरावर त्यांनी एका पोरीचं अन्न काढून घेतलं होतं.

बुवा पुढं सांगत होते, पण वैजनाथांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते कीर्तनातून मधेच उठले.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीन रिकामं झाल्यावर वैजनाथांनी पेढ्यांचा खोका फ्रीजमधून काढला, टेबलावर ठेवला आणि आदिनाथला बोलावून घेतलं. पेढ्यांवर बुरशी आली होती.

आदिनाथ खोक्याकडं बघत उभा राहिला. मग बसला.

"काका, मला टाकी बिघडवायची नव्हती."

"ठाऊक आहे. बिघडवणारा पेढे आणत नाही."

मग तो बोलत गेला, आणि वैजनाथ ऐकत गेले. किती महिने त्यानं आपला निरोप लिहिला होता, काम संपल्यावर थांबून जिवाणूंत घातला होता. दाखवला असता तर मॅडमनी दोन चुका काढल्या असत्या आणि तिसरी काढेपर्यंत निरोप त्यांच्याच नावावर गेला असता, असं त्याला वाटे. टाकीत गुपचूप घालायचा, दुप्पट माल निघाला की पेढे पुढं करून सांगायचं, हे माझं. तसाच निळा बूच, तशीच चिठ्ठी. खऱ्या कुपीचं काय केलं, तर खिशात घातली आणि ती तिथंच वितळली. टाकीत दाणा धरला नाही तेव्हा त्याला कळेना की चुकलं कुठं. अजूनही कळत नव्हतं.

"तिच्यावर आळ आला तेव्हा तोंड का उघडलं नाहीस?"

आदिनाथनं खोक्याचं झाकण बंद केलं. मग म्हणाला, "आधी भीती वाटली. मग... खोटं नाही बोलत काका, थोडं बरं वाटलं. एक दिवसभर. त्या दिवसानंतर मला झोप नाही."

वैजनाथांना त्याच्यावर रागवायचं होतं. पण ते थोडं बरं वाटणं त्यांच्या इतकं ओळखीचं होतं की रागाला पाय ठेवायला जागा मिळेना. ते एवढंच म्हणाले, "चल. आधी मी बोलतो, मग तू."

श्रीमंतरावांच्या खोलीत सुमैराला बोलावलं. वैजनाथ उभे राहूनच बोलले. डबी हातातून सुटली नाही ही साक्ष खोटी होती, ती मी दिली. हिच्या दोन्ही हातांत नारळ होता, म्हणजे डबी स्टुलावरच असणार, एवढं लहान पोराला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला ती दोषी हवी होती.

मग आदिनाथनं आपलं सांगितलं, एक शब्द न गाळता.

श्रीमंतराव दोघांवरही तडकले. वैजनाथांची प्रमुखाची खुर्ची गेली, नोकरी राहिली. आदिनाथनं राजीनामा लिहून आणलाच होता. तो दाराशी पोचला तेव्हा सुमैरानं हाक मारली आणि इतकंच विचारलं, "निरोप पूर्ण लिहिलेला आहे तुझ्याकडं? शेवटपर्यंत?" त्यानं पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि गेला.

६

आता शेवट ऐका, मग मी गप्प बसतो.

सुमैरानं आधी आपल्या जुन्या कुप्या लावून हंगाम निभावला. मग आदिनाथचा निरोप उघडून बसली. राग होता, पण वाचायची सवय रागापेक्षा जुनी. तोंडाशी गाठ होती ती होतीच. पण गाठीच्या पुढं? पुढं मात्र यंत्र खरंच तिच्या निरोपापेक्षा सुरेख पळालं असतं. बसायला मिळालं असतं तर. तिनं आपली सैल, साधी सुरुवात घेतली आणि तिला त्याची पुढची चाल जोडली. लहान भांड्यात लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि वैजनाथांना बोलावून दाखवलं. ते आकडे बघून त्यांनी चष्मा पुसला.

पुढच्या हंगामाला तीच कुपी टाकीत गेली. पूजेच्या वेळी सुमैरानं बर्फाची डबी वैजनाथांच्या हातात दिली आणि म्हणाली, "सर, धरा. आणि नारळाकडं बघू नका." गोरक्षनाथ एवढा हसला की कापूर विझला. या खेपेला घंटा त्याच्या भाच्यानं वाजवली, बेताल, पण वाजली. वैजनाथ डबीकडंच बघत होते. नारळ फुटला तेव्हा छातीत एक बारीकशी कळ आलीच म्हणे, पण ती आता ओळखीची झाली होती. आली, बसली, निघून गेली.

टाकी अशी भरून निघाली की तसा माल त्या शेडनं पूर्वी पाहिला नव्हता. कुपीच्या चिठ्ठीवर सुमैरानं दोन नावं लिहिली. तिनं आदिनाथला फोन लावला, तर नंबर बंद. वैजनाथ त्याच्या घरी गेले, तर कुलूप. कुणी म्हणतं राजूरकडं गेला, कुणी म्हणतं त्याहून लांब. त्या मुलाला अजून ठाऊक नाही की त्यानं लिहिलेलं अर्ध्याहून जास्त खरं होतं आणि ते रोज वाचलं जातंय.

ते बघा, बुवा उठले. मृदंगाला कणीक लागली. आता गजर उभा राहील, हळूहळू. तुम्ही गावोगाव कीर्तनं ऐकणारी माणसं. कुठं एखादा मृदंगवाला दिसला, बोटं भारी तयारीची, पण सुरुवातीला हात आवरून देवाला पाट देणारा, तर त्याचं नाव विचारा. आदिनाथ म्हणाला तर सांगा, नगरला तुझ्या नावाची कुपी आहे. आणि नाही भेटला, तरी पहिली संथ थाप पडली की क्षणभर त्याची आठवण ठेवा.